जहाज बॅलार्ड पियरला, आम्ही डहाणूला

डहाणूत समुद्र हा पाहुण्यांना दाखवायचा असतो, स्वतः बघायचा नसतो. नाताळ जवळ आला की सुरत-वापीच्या गाड्या उत्तरेकडून आणि कांदिवली-मालाडच्या दक्षिणेकडून येऊन थडकतात, बोर्डीपासून पारनाक्यापर्यंत सुरूच्या झाडांखाली माणसं फोटो काढत उभी राहतात आणि आपण घरात उशांना अभ्रे घालत असतो. पाहुणे संध्याकाळी पायांना वाळू लावून परततात, ती वाळू मोरीत साचते, आणि "किती नशीबवान हो तुम्ही!" हे ऐकत ऐकत आपण ती उपसतो. या नशिबाला कंटाळून यंदा आमच्या सौभाग्यवतींनी जाहीर केलं की नाताळात आपण घरी नसू. कुठे असू, ते चिरंजीवांनी ठरवलं. क्रूझवर. मुंबई-गोवा-मुंबई.

बुकिंग चहा निवायच्या आत झालं. जहाजाचं हेच बरं असतं, त्यात ठरवायला काही उरत नाही. झोपायची केबिन ठरलेली, जेवायची वेळ ठरलेली, रात्री कोण गाणार तेही ठरलेलं. सौभाग्यवतींनी लगेच जहाजाची कुंडली काढली. मुंबईहून गोव्याला जाणारं हे 'एम्प्रेस' १९९० सालचं. आधी रॉयल कॅरिबियनकडे 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून फिरायचं, २०२१ पासून कॉर्डेलियाच्या नावाने आपल्या किनाऱ्यावर आहे. "म्हणजे आपल्या लग्नाच्याही आधीचं," असं म्हणून तिने एकदा जहाजाच्या फोटोकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "पण देखभाल चांगली ठेवलेली दिसते."

जहाजाचं झालं. राहिलं एवढंच, की जहाज सुटणार मुंबईच्या बॅलार्ड पियरहून आणि आम्ही डहाणूत. समुद्र आमच्या गच्चीवरून दिसतो. पण त्या समुद्रात जायचं तर आधी त्याच्याकडे पाठ फिरवून स्टेशन गाठायचं, तिथून चर्चगेटपर्यंत १२४ किलोमीटर लोकलने जायचं, मग टॅक्सीवाल्याची मनधरणी करायची आणि पुन्हा त्याच समुद्राच्या काठी जाऊन उभं राहायचं. वाढवणला बंदर होतंय, पण त्यातून प्रवास करायचा तर आधी कंटेनर व्हावं लागेल. ३० ऑगस्ट २०२४ला पंतप्रधानांनी पालघरात त्याची पायाभरणी केली, खर्चाचा आकडा ७६ हजार कोटींच्या वर. किनाऱ्यावरचे मच्छीमार त्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडताहेत, आणि त्यांच्या भांडणात थट्टेला जागा नाही. आपण आपल्या बॅगांकडे वळू.

क्रूझवर जाऊन आलेल्या मंडळींचा एक नियम आहे, आणि तो ते संध्येइतक्या निष्ठेने सांगतात: जहाज ज्या दिवशी सुटतं त्या दिवशी त्या गावात पोचायचं नाही, आदल्या दिवशी पोचायचं. लोकल चुकली तर मागून दुसरी येते. जहाज चुकलं तर ते पुढच्या बंदरात स्वखर्चाने गाठायचं. आमचं पुढचं बंदर गोवा. म्हणजे जहाजाचे पैसे भरून कोकण रेल्वेच्या जनरल डब्यातून जहाजाचा पाठलाग करायचा. हे चित्र डोळ्यांपुढे आल्याबरोबर चिरंजीव म्हणाले, "बाबा, आदल्या रात्री फोर्टमध्ये हॉटेल घेऊ."

'हॉटेल' म्हटल्यावर घरात जी शांतता पसरली, ती मराठी घरांत फक्त दोन वेळा पसरते. दुसरी वेळ आंतरजातीय लग्नाची.

आईने प्रथम तोंड उघडलं. आईचं माहेर देवगडचं. तिच्या लहानपणी कोकणात जायचं म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून बोट. जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग करत बोट देवगडला लागायची. लागायची म्हणजे समुद्रात लांब उभी राहायची आणि माणसं पडावात उतरून किनाऱ्याला यायची. "आम्ही काय हॉटेलात राहत होतो?" आई म्हणाली. "आदल्या रात्री धक्क्यावर जायचं, वळकटी पसरायची, ट्रंकेला पाय लावून झोपायचं. बोटीचा भोंगा झाला की उठायचं." क्रूझ टर्मिनल म्हणजे भाऊचा धक्का नव्हे, ती नवी वातानुकूलित इमारत आहे, सप्टेंबर २०२५ मध्ये तिचं उद्घाटन झालंय, तिथे वळकटी पसरली तर सुरक्षारक्षक येतील, हे नातवाने समजावून सांगितलं. आईने ऐकून घेतलं. "येऊ देत. त्यांनाही जागा करून देऊ," म्हणाली.

दुसरी तोफ बोरिवलीहून. आमच्या आत्या पूर्वी गिरगावात चाळीतल्या दीड खोलीत राहायच्या. त्या काळी गिरगावातल्या नातेवाइकाची खोली हे सगळ्या किनारपट्टीचं विश्रामगृह असायचं. परीक्षा असो, ऑपरेशन असो, हायकोर्टाची तारीख असो, आदल्या रात्री आत्यांकडे. तेव्हा आम्हाला क्रूझवर जायचं असतं तर बॅगा डोक्यावर घेऊन चालतही बॅलार्ड पियर गाठता आलं असतं. पण तेव्हा क्रूझ नव्हती, आणि आता क्रूझ आहे तर आत्या गिरगावात नाहीत. गिरगावातून मराठी माणूस उत्तरेकडे सरकत गेला: दादर, पार्ले, बोरिवली, दहिसर, विरार. त्यामुळे नातेवाईक आमच्या जवळ आले आणि जहाजापासून लांब गेले. डहाणूपासूनच्या १२४ किलोमीटरांपैकी ९० बोरिवलीपर्यंतच संपतात, हे खरं. पण उरलेले ३४ किलोमीटर सकाळी नऊच्या सुमाराला, बॅगांसह, चर्चगेट फास्टमध्ये काढायचे म्हणजे आधीचे ९० हा सराव होता असं समजायचं.

हे आत्यांना फोनवर सांगता येत नाही. त्यांनी एकच विचारलं, "हॉटेलात? का रे, आम्ही मेलोय का?"

या प्रश्नाला 'नाही' म्हटलं तर बोरिवलीला जावं लागतं.

तिसरी सूचना तलासरीची. आमचा मेहुणा तलासरीला असतो. तलासरीत रेल्वे नाही, जे काही आहे ते महामार्गावर. त्यामुळे तलासरीकर रेल्वेच्या वेळापत्रकाकडे आणि डहाणूकर महामार्गाकडे सारख्याच संशयाने बघतो. चिकूच्या बागांमधून तलासरीहून मोटारसायकलवर येऊन त्याने उभ्या उभ्याच निकाल दिला, "भावोजी, हॉटेल कसलं नि काय कसलं! पहाटे तीनला निघू. सहाला तुम्हाला फोर्टात इडली चारतो."

"अरे, पण बोर्डिंग दुपारचं आहे. सहापासून बारापर्यंत काय करायचं?"

"गाडीत झोपायचं."

मेहुण्याचा हिशेब रिकाम्या रस्त्याचा असतो. तलासरी, दापचरी, चारोटी, मनोर, ढेकाळे, खानिवडे, वसई फाटा, वर्सोव्याचा पूल, घोडबंदर ही नावं तो एका दमात म्हणतो, आणि म्हणताना कुठेही ट्रॅफिक लागत नाही. प्रत्यक्षात हा मुंबई-अहमदाबाद महामार्ग. त्यावर काँक्रीटचा थर चढवायचं काम निघालं तेव्हा वसईच्या अलीकडे माणसांनी गाड्यांत बसून जे आयुष्य काढलं, त्याबद्दल या भागात अजून आदराने बोललं जातं. मेहुण्याला ते मान्य नाही. "आता दहिसरला टोल नाही," तो म्हणाला. हे खरं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांचा टोल बंद झालाय. पण मेहुणा ते अशा सुरात सांगतो, की मंत्रिमंडळाच्या बैठकीत चहा यानेच दिला असावा.

त्याच्या योजनेत एक बारकावा होता, तो उशिरा लक्षात आला. तो पहाटे तीनला मुंबईच्या दिशेला निघणार नव्हता. तो आधी उत्तरेला जाणार होता. अच्छाडची हद्द ओलांडून गुजरातेत शिरलं की पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त मिळतं, आणि महाराष्ट्रात टाकी भरणारा तलासरीकर त्याच्या मते एकतर नोकरदार असतो किंवा मूर्ख. म्हणजे मुंबईला जाण्यासाठी प्रथम गुजरातला जायचं, मोबाइलवर 'गुजरातमध्ये आपले स्वागत आहे' हे वाचायचं, टाकी फुल करायची, मग मागे वळायचं. उलट्या दिशेनेही अशीच वाहतूक आहे. तिकडे दारूबंदी, म्हणून संध्याकाळी तिकडची मंडळी अच्छाडच्या अलीकडे येतात. त्यांची क्रूझ तिथेच सुरू होते आणि तिथेच संपते, हॉटेल आणि टॅक्सीचा प्रश्न न येता. हेवा वाटतो.

मेहुण्याची दुसरी कल्पना जास्त धाडसी होती. आमदार निवास. आमचा मतदारसंघ डहाणू-तलासरीचा, इथून लाल बावटा निवडून येतो. तलासरी म्हणजे १९४५च्या वारली उठावाची भूमी. जवळच्याच झरीच्या सभेत वेठबिगारी झुगारून द्यायचं ठरलं. गोदावरी परुळेकरांचं नाव इथे अजून घरातल्या माणसासारखं घेतलं जातं. "आमदारांच्या खोलीत आपला कुणीतरी असतोच," मेहुणा म्हणाला, "एक रात्र पडून राहू." सौभाग्यवती भडकली. वनजमिनीचा दावा घेऊन आलेला माणूस तिथे सतरंजीवर झोपलेला असणार, दुसऱ्या दिवशी त्याचा मोर्चा असणार, आणि आपण त्याला ओलांडून जाणार, चाकांच्या बॅगा ओढत, बोटीवर नाचायला? मेहुणा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आपण चप्पल बाहेर काढू." ही सूचना मात्र सर्वानुमते बाद झाली.

उरलं हॉटेल.

मुंबईतलं हॉटेल मोबाइलवर शोधायला बसलं की डहाणूच्या माणसाची खरी पंचाईत होते, कारण तो स्वतः पाहुणचाराच्या धंद्याच्या गावचा. फोटो कसा काढतात, ते त्याला ठाऊक असतं. पलंगाच्या पायथ्याशी हंसाच्या आकाराचे टॉवेल घालून ठेवले असतील तर मोरीत बादली फुटकी असणार, हे आम्ही बोर्डीत शिकलोय. 'बॅलार्ड पियरपासून पाच मिनिटे' म्हणजे रविवारी पहाटे, हेलिकॉप्टरने. भाडं सकाळी एक, दुपारी एक, आणि तुम्ही तीनदा पाहिलंत की ते चढतं. दाराशी उभ्या गिऱ्हाईकाचा चेहरा वाचून कोळीण पापलेटचा भाव करते, हे आम्हाला मान्य आहे. पण तिला निदान चेहरा दिसतो.

त्यात 'सी फेसिंग' खोलीला जास्त पैसे. चिरंजीव त्यावर बोट ठेवणार एवढ्यात सौभाग्यवती म्हणाली, "घरी समुद्र. बोटीवर समुद्र. मधली एक रात्र तरी भिंत बघू दे." समुद्र न दिसणारी खोली घेतली.

पण हॉटेलवाल्यांच्या घड्याळात आणि जहाजाच्या घड्याळात एक खड्डा असतो, आणि क्रूझला जाणारा प्रत्येक जण त्यात एकदा पडतो. हॉटेल सकाळी दहाला खोली रिकामी करायला लावतं. जहाज दुपारी आत घेतं. मधले दोन-तीन तास माणूस आणि त्याच्या बॅगा कुणाच्याच मालकीच्या नसतात. जाणकार आधीच फोन करून 'लेट चेकआउट' मागतात, आणि मिळालं नाही तर बॅगा हॉटेलच्या खाली ठेवून फोर्टात हिंडतात. बोर्डिंग पास छापून न्यायचे, बॅगांना लावायच्या पट्ट्या रंगीत छापायच्या, आधार कार्ड हाताशी ठेवायचं. या पट्ट्या डहाणू स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे काढल्या. त्याने पट्टीवरचा डेक नंबर वाचला, बुकिंगचा आकडा वाचला, आणि "एवढ्या पैशात तर महालक्ष्मीच्या जत्रेला सगळा पाडा नेला असता," म्हणाला. पैसे रंगीत छपाईचेच घेतले.

एकेकाळी या सगळ्याची गरज नव्हती, हे मला त्या दिवसांत कळलं आणि जरा वाईट वाटलं. १९२८ साली बी.बी.सी.आय. रेल्वेने फ्रंटियर मेल सुरू केली. विलायतेहून पी. अँड ओ. कंपनीच्या बोटीने आलेला साहेब बॅलार्ड पियरला उतरायचा, तिथेच धक्क्याला लागून मोल स्टेशन, आणि हंगामात तिथेच पेशावरची गाडी उभी. बोटीतून पाय काढला की गाडीत. हॉटेल नाही, टॅक्सी नाही, आत्या नाहीत. आणि ती गाडी जायची कुठून? आमच्या डहाणूवरून! म्हणजे शंभर वर्षांपूर्वी धक्का आणि डहाणू एका रुळाने जोडलेले होते. गाडी अजून आहे, १९९६ पासून तिचं नाव गोल्डन टेंपल मेल. ती आता मुंबई सेंट्रलहून सुटते, आमच्या फाटकांवरून धडधडत जाते, आणि धक्क्यापाशी कुणी गाडी उभी करत नाही. एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली तेव्हा आम्ही ढोल वाजवले. साहेबाने आम्हाला हसायला हवं होतं.

त्याहून जुनं उदाहरण तर आणखी लाजवतं. तलासरीपासून जवळच, आता गुजरातेत असलेल्या संजाणला पारशी मंडळी जहाजाने उतरली, तेव्हा त्यांच्याकडे ना बुकिंग ना बोर्डिंग पास. कथा अशी सांगतात की राजाने दुधाने काठोकाठ भरलेलं भांडं पुढे केलं, म्हणजे जागा नाही; आणि यांनी त्यात साखर विरघळवली. मुक्काम मिळाला, आणि तो हजार वर्षांहून अधिक लांबला. पुढे संकट आलं तेव्हा पवित्र अग्नी आमच्याच बाजूच्या बारड डोंगरात, बाहरोटच्या लेण्यांत जपून ठेवला. फोर्टातल्या हॉटेलच्या काउंटरवर मी हा साखरेचा प्रयोग करावा, अशी सूचना चिरंजीवांनी केली. मी म्हटलं, तिथे साखरेचे पैसे वेगळे लावतील.

अखेर जी योजना ठरली ती कुणाचीच नव्हती आणि प्रत्येकाचं मन राखणारी होती. आई बोरिवलीला आत्यांकडे राहणार, म्हणजे आत्या हयात असल्याचं सिद्ध होईल. आम्ही तिघं फोर्टातल्या हॉटेलात. आणि बॅगा? बॅगा मेहुणा पहाटे गाडीने आणणार, म्हणजे महामार्गाचा मान राहील. ही अक्कल सौभाग्यवतींची, आणि ती डहाणू लोकलच्या अभ्यासातून आलेली. हल्लीच्या बॅगांना चार चाकं असतात, ब्रेक नसतो. वैतरणेच्या पुलाआधी गाडीने ब्रेक लावला की अशी बॅग दारापासून निघते आणि कुणाच्या तरी नडग्यांवर थांबते. विरारला तर बॅगवाल्याची खरी परीक्षा. डहाणूहून बसून आलेला माणूस हा विरारच्या गर्दीला मुळातच खटकतो. तो बसलेला आहे हाच त्याचा गुन्हा. त्यात त्याच्या पायाशी आडवी बॅग दिसली की 'बोटीवर चाललो' हे सांगायची हिंमत कुणाला होईल? मालडब्यात मासेवाल्या बायका टोपल्या लावून बसलेल्या असतात, त्यांनी एका बॅगला जागा दिलीही असती. पण मग बॅगेतल्या कपड्यांनी गोव्यापर्यंत बोंबलाची याद दिली असती.

लोकलमध्ये आमच्या हातात फक्त चिकूच्या दोन पेट्या होत्या. त्या नसून चालणार नव्हतं. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तो रिकाम्या हाताने घराबाहेर पडणाऱ्याला आणखीच लाज आणतो. पण चिकूचं वेळापत्रक जहाजापेक्षा कडक. काढला त्या दिवशी तो दगड, चौथ्या दिवशी लोणी, सहाव्या दिवशी त्याचं नाव कुणी घेऊ नये. त्यामुळे आईने दोन पेट्या वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या चिकूंच्या भरल्या. एक आत्यांसाठी, त्या रात्री खायची. दुसरी जहाजावर, गोव्याच्या वाटेवर पिकणारी. प्रत्येक चिकू हातात घेऊन ती नखाने सालीवरचा भुगा किंचित खरवडून बघायची. खाली हिरवं दिसलं तर दुसरी पेटी, पिवळट दिसलं तर पहिली. मग देठापाशी अंगठा दाबायचा, आणि शंका आली की तिसरीकडे, म्हणजे स्वतःच्या तोंडात. वर्तमानपत्राचे तुकडे, थोडं गवत, सुतळीच्या तीन आडव्या, दोन उभ्या गाठी. पेटीवर स्केचपेनने 'आत्या' आणि 'जहाज'.

बोरिवलीला आई आणि 'आत्या' उतरल्या, आणि संध्याकाळी आम्ही तिघं 'जहाज' घेऊन हॉटेलात पोचलो. काउंटरवरच्या मुलाने तिघांकडे, मग आमच्या मागे पाहिलं. मागे काही नव्हतं. "सामान?"

"उद्या सकाळी येईल. तलासरीहून."

"राहणार एकच रात्र?"

"हो."

"आणि सामान सकाळी येणार. तुम्ही जाताना."

सांगायला गेलो तर गुंता वाढत होता. सौभाग्यवतीने आधार कार्डं पुढे केली. त्याने पत्ता वाचला आणि पेटीच्या सुतळीत बोट अडकवून ती जरा उचलून पाहिली. 'जहाज' वाचलं, तेव्हा त्याचा चेहरा मऊ झाला. मुंबईत वेडे लोक येतात आणि पैसे आगाऊ भरतात, हे त्याला माहीत असावं. खोलीच्या किल्लीबरोबर त्याने न मागता तीन टूथब्रश दिले.

खोली बरी होती. समुद्र नव्हता. पलंगाच्या डोक्याशी मात्र भिंतभर वारली चित्राचा कागद लावलेला. आमच्या डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या पाड्यात जिव्या सोमा म्हसे बसून चित्रं काढायचे, २०११ साली पद्मश्री मिळाली, तरी ते त्याच मातीत राहिले. आणि इथे आम्ही १२४ किलोमीटर येऊन, भाडं भरून, मीटरच्या भावाने छापलेले वारली उशाशी घेऊन झोपणार. चिरंजीवांनी जवळ जाऊन पाहिलं. तारपा नाच होता. मधल्या माणसाच्या हातात तारप्याऐवजी कारखान्याने काहीतरी सॅक्सोफोनसारखं दिलं होतं, आणि फेर धरलेल्या बायकांत एक जण हात सोडून बाजूला बघत होती. "ही बहुतेक टॅक्सी शोधतेय," सौभाग्यवती म्हणाली.

तिचं बरोबर निघालं. सकाळी फोर्टातून बॅलार्ड पियर एवढंच अंतर, की काळी-पिवळीवाला ऐकून पुढे जातो. ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत मेट्रो झाली, सीएसएमटीला, चर्चगेटला, हुतात्मा चौकाला जमिनीखाली स्टेशनं आली. पण क्रूझच्या दाराशी ती वर येत नाही. शेवटचा दीड किलोमीटर मुंबईत कुठेही गेलात तरी तुमचा तुम्हीच काढायचा असतो. आमच्याकडे बॅगा नव्हत्या, म्हणून आम्ही चालत गेलो. बॅलार्ड इस्टेटमधल्या जॉर्ज विटेटच्या काळ्या-पिवळट दगडी इमारतींमधून, मोकळ्या हातांनी, एक पेटी घेऊन. रविवारी फिरायला आलेले वाटावेत इतके निवांत.

ग्रीन गेटपाशी मेहुण्याची गाडी उभी होती. सीट मागे टाकून, तोंड उघडं टाकून तो झोपला होता. बॅगा मागे व्यवस्थित. तो खरोखर तीनला निघाला होता, आधी गुजरातला गेला होता आणि सहाच्या आत इथे होता. महामार्गाने त्या दिवशी त्याच्याशी इमान राखलं, आणि आता हे आम्हाला जन्मभर ऐकावं लागणार. थोड्या वेळाने टॅक्सीतून आई उतरली, तिच्यामागे आत्या. आत्या पोचवायला आलेल्या. हातात स्टीलचा चार ताळी डबा. बोरिवलीत इतकी वर्षं राहून आत्याही ठेपले करायला लागल्यात.

"जहाजात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, आत्या."

"मग इथेच संपवा."

म्हणून पंचपक्वान्नांचे पैसे भरून क्रूझवर निघालेलं कुटुंब बॅलार्ड इस्टेटच्या फुटपाथवर गाडीच्या बॉनेटवर डबा मांडून ठेपले आणि छुंदा खात होतं. एक ठेपला फाटकावरच्या रखवालदाराला गेला. त्याने तो खाल्ला, तोंड पुसलं, आणि मग पेटीकडे बोट दाखवून सांगितलं की फळंही आत जाणार नाहीत.

आईने सुतळीच्या गाठी पाहिल्या. 'जहाज' आत्यांच्या काखेत गेलं. "तुम्ही परत येईपर्यंत हेही पिकतील," आत्या म्हणाल्या, म्हणजे तोपर्यंत शिल्लक राहणार नाहीत. मग त्या मेहुण्याच्या गाडीत पुढे बसल्या, कारण बोरिवली त्याच्या वाटेवरच होती.

गाडी सुरू करता करता मेहुण्याने काच खाली केली. "भावोजी, परत जहाज लागणार किती वाजता?"

"सकाळी. लवकर."

"मग पहाटेची भानगड नको. आदल्या दिवशीच येऊन राहतो."

"हॉटेलात?"

"हॉटेल कशाला?" त्याने शेजारी पाहिलं. "आत्या आहेत ना."